बायच्या आंघोळीचं दार

मी मासे मारणाऱ्यांच्या घरात जन्मलो आणि होडीत पाय ठेवला की ओकायला लागायचो. शिरगावच्या किनाऱ्यावर असा पोरगा म्हणजे पोहता न येणारं बदक. बापूस लोकांना सांगायचा, "याला दर्यात नेला की मासे पळत नायत, उलट गोळा होतात. याने टाकलेलं खायला." शाळेत घातला तर तिथंही तीच गत. मास्तरांना माजं तोंड पाठ झालं, मला त्यांचा एक धडा झाला नाय. मंग तारापूरच्या कारखान्यांचे धूर निघायला लागले तवा मी बोईसरला गेलो आणि रंगाच्या कारखान्यात हेल्पर लागलो. रंगाची पिंपं ढकलायची. कधी निळा होऊन घरी यायचो, कधी पिवळा. बायको दार उघडताना आधी रंग बघायची, मंग मला.

पण ही गोष्ट माजी नाय, माज्या मोठ्या बहिणीची हाय. तिला सगळे बाय बोलायचे, मी पण.

बायला लहानपणापासून फेफरं यायचं. चालता चालता डोळे फिरायचे, धाडकन पडायची, हातपाय झाडायची, तोंडाला फेस. थोड्या वेळाने उठून बसायची आणि आजूबाजूला कोण कोण उभं हाय ते बघायची. त्या बघण्याचा मला फार त्रास व्हायचा. फेफऱ्यामुळे तिचं लग्न झालं नाय. पण जीभ अशी की पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकायला बसली की बाजूच्या बाया आपली टोपली घेऊन लांब सरकायच्या. मला ती कधी नावाने हाक मारायची नाय. "अरं ओकाऱ्या" हेच माजं नाव.

गावाला आमची न्हाणी घराच्या मागं, विहिरीजवळ. तीन बाजूंनी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधलेले, चौथ्या बाजूला एक सुटा झाप, तो ओढून घ्यायचा. कडी नाय, काय नाय. आत कोणी असलं की लुगडं वर टाकायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. बायसाठी एवढ्याने भागायचं नाय. ती आंघोळीला गेली की आय झापाला पाठ लावून बाहेर बसायची, आणि बायने आतून मधून मधून तांब्या दगडावर आपटायचा. टण् आवाज आला म्हणजे पोरगी हाय. आवाज नाय आला की आय झाप सारून आत. कितीदा तरी बाय नुसती डोळ्यातला साबण पुसत असायची आणि आय आत घुसायची. बाय लहान होती तवा ठीक. ती चाळिशीला आली तरी तेच.

बापूस आधीच गेलेला, मंग आय गेली. बारावं झालं आणि आमी बायला बोईसरला आणली. तिला गावात एकटी ठेवायची कशी? यायला तयार झाली, पण एक अट घातली.

"मला दार पायजे," ती बोलली.

"कसलं दार?"

"आंघोळीचं. आतून लागणारं. अरं ओकाऱ्या, मी म्हातारी व्हायला आली. जन्मात एकदा तरी दार लावून आंघोळ करू दे ना मला."

आमची खोली चाळीत शेवटची होती, त्यामुळे मागच्या दाराला हातभर जागा मिळाली होती. तिथं मी चाळमालकाला विचारून विटांची मोरी बांधली होती. तीन भिंती, वर सिमेंटचा पत्रा. भिंतीचा वरचा थर मला सरळ आला नाय म्हणून पत्रा थोडा एका अंगाला कललेला. चौथी बाजू उघडी, तिला गोणपाट. आमी दोघं नवरा-बायको तेवढ्यात भागवत होतो. बायने आल्या दिवशी गोणपाट दोन बोटांनी उचललं आणि खाली टाकलं.

"याच्यापेक्षा झाप बरा होता. झापाला निदान वास नव्हता."

तर दार घ्यायचं ठरलं. आता तुमी बोलाल, दार घेण्यात काय हाय. पण जिला आत कवाही फेफरं येईल तिला कसलं दार द्यायचं? आतून घट्ट लागणारं दिलं तर ती आत पडली की आपण बाहेर. न लागणारं दिलं तर ते दारच नाय. ही एवढी गोष्ट मला डोक्याने सोडवायची होती, आणि डोक्याचा माजा काय लौकिक होता ते वर सांगितलं.

त्याच दिवसांत कारखान्याच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर सामान उचलायला मला पाठवलं. तिथं बाथरूममध्ये मुंबईहून आलेले दोन फिटर काचेचं दार बसवत होते. आख्खं दार काचेचं! मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आत फवाऱ्याखाली साहेब आंघोळ करणार, बाहेर एक थेंब उडणार नाय. मी हळूच फिटरला विचारलं, "भैया, ये टूटेगा तो लगेगा ना?"

"नहीं लगेगा. दाना-दाना हो जाएगा, साबूदाना जैसा. सेफ्टीवाला काच है."

"और आदमी अंदर गिर गया तो? दरवाजा कैसे खोलेगा?"

त्याने माज्याकडे बघितलं. मी त्या दिवशी निळा होतो. तो बोलला, "अरे भाई, साहब लोग गिरते नहीं."

घरी येऊन मी बायला सगळं सांगितलं. काचेचं, फुटलं तर साबुदाणा, सेफ्टीचं. ती हसून हसून खाली बसली. "काचेचं दार! त्यापेक्षा मी बाजारात आंघोळ करते, वर दोन गिऱ्हाइकं पण भेटतील."

मंग मी पत्र्याचं दार बघायला पालघरला गेलो. दुकानात दारं रांगेने उभी होती, चांगली चकचकीत. मी एकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कापून घेतलं. रक्त दुकानदाराच्या पायरीवर पडलं, तो मलाच ओरडला. ते बोट बांधून घरी आलो, तसं बायने बघितलं आणि बोलली, "मी पडली तर माजा कान दारातच राहील. पत्रा नको."

राहिलं लाकूड. आणि लाकूड म्हटलं की आमच्या घराण्यात दुसरा विचार येत नाय. बापसाची जुनी होडी शिरगावच्या किनाऱ्यावर मोडून पडली होती. तिच्या कडेच्या फळ्या अजून बऱ्या होत्या. सागाच्या, जाड, माशाच्या तेलाने काळ्या झालेल्या. बायच्याही मनात तेच होतं.

"बापसाच्या होडीचं दार," ती बोलली. "बरं दिसेल. आणि हे बघ, एक फट ठेवायची नाय. इथं चाळीत बाप्ये मागच्या बोळातून ये-जा करतात. सूर्याला पण दिसू नये मी."

मी एस.टी.च्या टपावर फळ्या टाकून बोईसरला आणल्या. रविवारभर खपलो. सुतारकाम मला येत नव्हतं, पण होडीची फळी फळीला कशी बसवतात ते लहानपणी बघितलं होतं. तेच एक मी न ओकता बघितलं होतं, कारण ते काम जमिनीवर असायचं. होडीला कायदा एकच. फळ्या अशा एकमेकींना भिडवायच्या की मधून केस जाता नये, राहिलेल्या बारीक फटीत कापूस ठोकायचा, वर राळ. मंग होडी पाण्यात लोटली की लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फळ्या एकमेकींना अशा धरतात की चिकटूनच जातात. आमच्याकडे फुगलेलं लाकूड म्हणजे चांगलं लाकूड. कोरडी राहिलेली होडी बुडते.

मी अगदी तस्संच केलं. चौकटीत दार एवढं बरोबर बसवलं की त्यात पोस्टकार्ड शिरेना. आतून लोखंडी कडी ठोकली, मजबूत. आणि दार आतल्या बाजूला उघडेल असं बसवलं, कारण बाहेर गटार होतं, आणि शिवाय चाळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी खुर्ची टाकून बसून सल्ला दिला होता. "दार नेहमी आत उघडावं. बाहेर उघडणारं दार लक्ष्मीला ढकलून देतं." मोरीत लक्ष्मी येऊन काय करणार होती, पाय धुणार होती? पण तवा मला ते सुचलं नाय. माणूस खुर्चीत बसून बोलला की मला ते खरंच वाटतं.

पहिल्या दिवशी बाय आत गेली, कडी लावली आणि किती वेळ बाहेरच येईना. बायको घाबरली. मी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "काय हाय?"

"काय नाय. बरी हायस ना?"

"बरी हाय. अंधार हाय. मस्त हाय."

बाहेर आली तवा तिचं तोंड असं होतं की मी तिला तसं कवा बघितलं नव्हतं. केस सोडलेले, गाल लाल. ओट्यावर बसून तिने चहा मागितला आणि बायकोला सांगितलं, "गो, आज मी केसांना दोनदा साबण लावला. कोणी विचारलं नाय का."

आमची पद्धत गावचीच ठेवली होती. तिने तांब्या आपटायचा, आमी ऐकायचं. फक्त आता झापाच्या जागी सागाची फळी होती, त्यामुळे टण्चा आवाज टुक् असा यायचा. आमी कानांना त्याची सवय लावली.

काही आठवड्यांनी दार जड व्हायला लागलं. रोज तिघांच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावर उडत होतं. बायको बोलली, "दार अडकतंय." मी छाती फुगवून बोललो, "लाकूड मुरतंय. आता खरी होडी झाली." बाय खांद्याने ढकलून बाहेर यायची आणि तीही बोलायची, "बापसाची होडी हाय ती, सहज कोणाला सोडत नाय." आमाला दोघांना त्याचं कौतुक वाटत होतं. दर्यावरच्या माणसाला फुगलेल्या लाकडाची भीती वाटत नाय, हेच आमचं चुकलं. दुसऱ्या कोणी शेतकऱ्याच्या घरातल्याने तेव्हाच रंधा मागून आणला असता.

मंग तो रविवार. सकाळी चाळीत सगळे घरी. ज्याच्याकडे टीव्ही होता त्याच्या खोलीत आणि खोलीबाहेर मिळून आख्खी चाळ बसलेली. मागं मोरीत बाय. मी ओट्यावर दाढी करत होतो. आत पाण्याचा आवाज, मंग एक टुक्, मंग परत पाणी. मंग आतून दाराला काहीतरी जोरात आदळलं आणि तांब्या गडगडत गेल्याचा आवाज आला.

बायको धावली. "बाय! ओ बाय!"

आत हातपाय आपटल्याचा आवाज. तो आवाज आमाला ठाऊक होता.

मी दाराला खांदा दिला. दार हललं नाय. परत दिला. माजाच खांदा सरकला, डॉक्टरने नंतर तो दोन हातांनी बसवला. बापसाने जी फळी उभा जन्म लाटेला दिली नाय, ती माज्या खांद्याला काय देणार? आतून कडी, लाकूड फुगलेलं, आणि वर बाय दारालाच टेकून पडलेली. मी जेवढं आत ढकलत होतो तेवढं तिलाच ढकलत होतो. हे पण मला बायकोने ओरडून सांगितलं तवा कळलं. "अहो, तिच्यावर ढकलताय तुमी!"

बायकोच्या ओरडण्याने टीव्हीपुढची चाळ उठून मागच्या बोळात आली. कोणी पहार आणली. पहारेचं टोक घालायला फट पायजे ना? फट मी कुठं ठेवली होती? शेवटी मी धड हाताच्या जोरावर भिंतीवर चढून वरचा पत्रा काढायला गेलो. पत्रा निघाला नाय, माज्या वजनाने फुटला आणि मी आत बादलीवर पडलो. बादलीत गरम पाणी होतं. उरलेलं माज्यावर आलं, पण जास्त तिच्या मांडीवर आधीच सांडलेलं होतं. कातडी लाल होऊन वर आली होती.

बाय कुशीवर पडली होती. अंगावर कपडा नाय. तोंडाला फेस. मी माजी बंडी काढून तिच्यावर टाकली. ती बंडी पिवळी होती आणि एवढीशी. मी वर बघितलं, तर भिंतीवर ओळीने डोकी. बोळातल्या टेबलांवर, ड्रमवर, एकमेकांच्या खांद्यांवर चढून सगळे वाकून बघत होते. वाईट मनाने नाय बघत होते, मदतच करत होते. "कांदा फोडा! चामड्याची चप्पल हुंगवा!" आणि वरून एकेक चप्पल खाली येत होती. माजं ऐकलं कोणी नाय. मी ओरडलो, "वर बघू नका, खाली बघू नका, कुठंच बघू नका!" कोणीतरी हसलं. मी काय बोललो तरी लोक हसतातच, तोवर तशी सवयच लागली होती त्यांना.

तिचे डोळे उघडले तवा ती पाठीवर होती. पत्रा नाय, उघडं आभाळ आणि त्याच्या कडेने डोकी. ती सगळ्यांकडे बघत राहिली, एकेक करून. मंग डोळे मिटून घेतले. पण त्या वेळी ती झोपली नव्हती, मला ठाऊक हाय.

संध्याकाळी मांडीला मलम लावून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने विचारलं, "किती जण होते?"

"कोणी नव्हतं. मी आणि ही."

"चपला वेगवेगळ्या होत्या," ती बोलली.

मंग तिने आंघोळच सोडली. भाजलेलं बरं झालं तरी नाय. ओल्या फडक्याने अंग पुसायची, तेही खोलीचं दार लावून, आमाला बाहेर काढून. बोळातून जायची नाय. नळावर जायची नाय. एकदा बायकोला बोलली, "मी गावाला जाते गो. तिथं झाप हाय." पण झापाबाहेर बसणारं आता तिथं कोणी नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं आणि आमालाही.

मी दार उतरवलं. मागून आणलेला रंधा घेऊन चारी बाजूंनी बोटभर छाटलं. बिजागऱ्या फिरवल्या, गटारावर फळी टाकली आणि दार बाहेर उघडेल असं केलं. काका खुर्ची घेऊन आले, पण मी काय केलं ते बघून बसले नायत. फटींवर कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचं रबर आतून लटकवलं, म्हणजे दिसायचं नाय पण दार अडायचंही नाय. खाली वीतभर मोकळं ठेवलं. आत कोणी पडलं तर पाय दिसावेत. वर नवा पत्रा, जड दगड ठेवून. एवढं सगळं करून मी बायला बोलावलं.

तिने दार उघडलं, लावलं, परत उघडलं. मंग आतल्या बाजूला हात फिरवला.

"कडी कुठं हाय?"

"कडी नको आता, बाय. बघितलंस ना काय झालं."

"कडी नाय तर गोणपाट काय वाईट होतं?"

"आत तू पडलीस तर..."

"पडलं तर पडलं. पडणं माजं हाय. तुजी मोरी, तुजं दार, पण पडणं माजं हाय ना? तेवढं तरी माज्याकडे राहू दे."

बायको मधे पडली, "बाय, नुसतं लोटून घ्या. आमी कोणाला येऊ देणार नाय."

"अगो, येणारे येतातच. ते काय विचारून येतात?"

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाय आणि ती माज्याशी. मला कडी द्यायची होती आणि द्यायची नव्हती. शेवटी मी एक लहान कडी आणली आणि चौकटीवर जिथं तिचा खटका बसतो तिथं सागावर न ठोकता खोक्याच्या लाकडाची एक पातळ पट्टी लावली. मऊ लाकूड, पॅकिंगच्या पेटीचं. त्यात खटका अगदी आखूड स्क्रूने बसवला. वरून बघायला मजबूत. बाहेरून एक झटका दिला की पट्टीसकट हातात यावं असं. आयुष्यात मी मुद्दाम कच्चं केलेलं काम एवढंच. बाकीची सगळी आपोआप कच्ची झाली.

बायने कडी लावून बघितली. खटक्यावर अंगठा दाबला. ती आयुष्यभर टोपल्या आणि सुतळ्या ओढणारी बाई, तिला काय कळणार नव्हतं?

"खोटी हाय ना रे ही?"

मी हातातला पेचकस पाठीमागे धरला.

"झटक्यात निघते?"

"निघते."

तिने परत एकदा लावली. "पण आतून लागते."

"लागते."

"बस," ती बोलली. "पण एक सांगते. आता तांब्या आपटणार नाय मी. हाका मारायच्या नाय. टकटक करायची नाय. बाहेर बस, कान लाव, तुजा कान हाय. पण मला आत कळता कामा नये कोणी बाहेर हाय म्हणून."

आमी कबूल केलं. ती आत गेली की मी नायतर बायको ओट्यावर बसायचो, मासे साफ करायचो नायतर काय नाय करायचो, आणि पाण्याचा आवाज ऐकायचो. आवाज थांबला की श्वास धरायचा. परत आला की सोडायचा. बाय आत एका बादलीत एवढा वेळ काढायची की चाळीतल्या बाया टोमणे मारायच्या, "तुमची बाय आत काय होडी लोटते काय?" ती बाहेर येऊन उत्तर द्यायची, "तुमच्याकडे दार नाय म्हणून जळता."

असं किती तरी दिवस चाललं. दोन वर्षं म्हणा, जास्तच. मधून तिला फेफरं यायचं, पण घरात, बाजारात, एकदा स्टेशनवर. मोरीत नाय आलं. मला वाटायला लागलं की मोरीत ते येणारच नाय, ते पण कडी बघून परत जात असेल.

मंग एक सकाळ. मी दुसऱ्या पाळीला जाणार होतो, बायको भाकरी करत होती. बाय आत. पाणी वाजत होतं. मंग थांबलं. मी श्वास धरला. परत येईना. आदळल्याचा आवाज नाय, हातपाय आपटल्याचा नाय, तांब्या पडल्याचा नाय. नुसतं पाणी थांबलं. बायकोने तव्यावरचा हात थांबवला आणि माज्याकडे बघितलं. मी खाली वाकून दाराखालून बघितलं. पाय दिसले नायत, खुंटीवरच्या लुगड्याचा काठ दिसला, भिंतीजवळ.

मला वाटलं, डोकं पुसत असेल. मला वाटलं, आता हाक मारली तर ती पंधरा दिवस बोलणार नाय. असा विचार करत मी थोडा बसलो. किती बसलो ते मला आजही सांगता येत नाय, आणि त्याबद्दल मला कोणी विचारू नये.

मंग बोललो, "बाय?"

झटका दिला. कडी पट्टीसकट हातात आली, किडलेला दात येतो तशी. दार सहज बाहेर उघडलं. अडलं नाय, करकरलं नाय, कुठंच टेकलं नाय. मी सगळं बरोबर केलं होतं.

बाय भिंतीला टेकून बसली होती. मान एका बाजूला. केस धुतलेले. तांब्या मांडीत, त्यात अजून पाणी. फेस नाय, काय नाय. मी तिच्या गालाला हात लावला, गाल गरम होता. पण पाणीही गरम होतं. बायकोने तिच्या छातीला कान लावला आणि मान हलवली.

बोळात तोवर आवाज झाला होता. कोणाच्या तरी दाराची कडी वाजली, कोणी विचारलं, "काय झालं ओ?" पावलं यायला लागली.

मी बायकोला बोललो, "तू आत राहा. लुगडं नेसव तिला. केस पूस. घाई करू नको." आणि मी बाहेर येऊन दार लोटलं. कडी आता नव्हतीच, म्हणून दाराला पाठ लावून उभा राहिलो.

माणसं जमली. काका आले, खुर्ची नव्हती या वेळी. एकाच्या हातात चप्पल होती, एकाच्या कांदा. "बाजूला हो," ते बोलत होते, "उघड, उघड, वेळ घालवू नको."

"आंघोळ चालली हाय," मी बोललो.

"अरे, पण झालं काय?"

"आंघोळ चालली हाय तिची. थांबा."

"हा मस्करी करतोय," मागून कोणीतरी बोललं. एक पोरगा भिंतीवर चढायला लागला, मी त्याचा पाय धरून खाली ओढला. मी आयुष्यात कोणावर हात टाकला नव्हता, त्यामुळे तो पोरगा रडायचं विसरून माज्याकडे बघत राहिला. मागे आत बायको हळूहळू पाणी ओतत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. चप्पलवाल्याने चप्पल खाली ठेवली आणि पायात घातली.

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज थांबला. बायकोने आतून दारावर हळूच टकटक केली. झालं, उघडा, असं तिला सांगायचं होतं.

मी तरी लगेच हललो नाय.